लाभ, दोन, तीन

सांडोरच्या राऊतांच्या घरात चुका काढण्याचा मान ज्ञानदाचा. हा मान तिला कोणी दिला नव्हता. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात तिने तो स्वतःहून घेतला. लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन, दुधाच्या पिशवीवरची तारीख, गॅसवाल्याने पावतीवर लिहिलेला नंबर, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटायचं नाही. मुंबईत एका विमा कंपनीत दावे तपासायचं काम बारा वर्षं केल्यावर नजर अशी होते, असं तिचा नवरा अनुज म्हणायचा. तुळिंजला राहणाऱ्या तिच्या आईचं म्हणणं वेगळं होतं. ही बालवाडीत असल्यापासून बाईंच्या फळ्यावरच्या चुका दाखवते, असं ती जावयाला आधीच सांगून मोकळी झाली होती.

तर अशा या बाईच्या हातून जवळजवळ तीन वर्षं, रोज, न चुकता एकच चूक होत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती चूक समजायची तर आधी तिच्या सासऱ्यांच्या वहीकडे जायला हवं.

सासरे तुळशीदास राऊत, वय चौऱ्याहत्तर, घरात आणि गावात आबा. केळी, वाल, दुधी, अळू आणि कुंपणाच्या कडेने मोगरा अशी त्यांची वाडी. वाडीच्या मागे करंजाचं बावखल. बावखल म्हणजे वसईकडचं गोड्या पाण्याचं खोदीव तळं. इथल्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर वाढल्या. आबांच्या बावखलावर एक जुनं करंजाचं झाड इतकं वाकलं होतं की अर्ध्या फांद्या पाण्याला टेकायच्या, म्हणून ते करंजाचं. आजूबाजूची तीन बावखलं बुजली. एकावर बंगला आला, एकावर गाड्या लागतात, तिसऱ्यावर नुसताच भराव पडलाय. करंजाचं मात्र जागेवर आहे, कारण आबा जागेवर आहेत. "बुजवायचं तर आधी मना त्यात उभा करा," असं त्यांनी एकदा एका दलालाला सांगितलं. तो पुन्हा फिरकला नाही.

मोजणी सुरू झाली ती ज्ञानदामुळे, हे तिचं श्रेय तिला द्यायला हवं. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तिने फोनवर 'पाखरनोंद' नावाचं ॲप घेतलं. आपल्या परिसरात दिसणारे पक्षी, प्राणी, झाडंझुडपं सामान्य माणसांनी मोजून कळवायची, म्हणजे अभ्यास करणाऱ्यांना गावोगावची माहिती मिळते, असा तो उपक्रम होता. त्यात चार दिवसांची खास पक्षीगणना होती. पक्ष्यांची नावं सांगायला तिने आबांना सोबत घेतलं. चार दिवस संपले आणि ज्ञानदाचा उत्साहही संपला. पाचव्या दिवशी पहाटे आबा एकटेच वही घेऊन बावखलावर उभे.

"गणना संपली ना? मग कशाला जाता?" सासूबाईंनी, म्हणजे प्रेमलताबाईंनी, विचारलं.

"चार दिवस मोजलं आणि पाचव्या दिवशी नाय गेलो तर काय वाटेल त्यांना?"

"कोनाला?"

"पाखरांना."

प्रेमलताबाईंनी चहा थर्मासमध्ये भरून दिला. तेव्हापासून तो रोज भरला जाऊ लागला.

आबा साडेसहाला जायचे, अर्धा तास उभं राहून मोजायचे, वहीत लिहायचे आणि परत येऊन वही ओटीवरच्या खिळ्याला अडकवायचे. ज्ञानदा ऑफिसला निघताना त्या पानाचा फोटो काढायची आणि दुपारी डबा खाता खाता आकडे ॲपमध्ये भरायची. खातं तिच्याच नावाचं होतं. आबांकडे बटणांचा फोन, त्यांचं खातं कुठे उघडणार? वहीत सरळ ओळी असत. बगळे ७. साळुंक्या १२. टिबुकल्या ४. आणि मधूनमधून निराळ्या ओळी. भारद्वाज – लाभ.

ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा ज्ञानदाला हसू आलं होतं. भारद्वाज दिसणं शुभ, हे तिला ठाऊक होतं. तुळिंजच्या इमारतीमागे कधीमधी भारद्वाज आला की तिची आई सगळ्यांना खिडकीत बोलवायची. आबा तर दिवाळीत नव्या वहीवर कुंकवाने शुभ-लाभ काढणारे. त्यांना दर्शनाचा लाभ झाला, त्यांनी तसं लिहिलं. पुढे घार – लाभ आलं, मुंगूस – लाभ आलं, खंड्या – लाभ तर दिवसाआड. आबांना घारीतही देव दिसतो, असं तिने ऑफिसात कौतुकाने सांगितलंही. पण ॲपमध्ये रकाना आकड्यांचा. श्रद्धेचा रकाना तिथे नव्हता. श्रद्धा आणि शास्त्र यांची सरमिसळ करायची नाही, असं तिचं ठाम मत होतं, त्यामुळे त्या ओळी ती सोडून द्यायची.

बघता बघता करंजाच्या बावखलाच्या याद्या हजाराच्या घरात गेल्या. एवढी न खंडता चाललेली नोंद अख्ख्या वसईत दुसरी नव्हती. उपक्रमाची मंडळी जिल्ह्यातल्या गोड्या पाण्याच्या जागांचं एक पुस्तक काढणार होती आणि त्यात या बावखलाला एक पान द्यायचं ठरलं होतं. आबांना हे कळलं आणि मग सांडोरमध्ये ते कळायचं कोणी उरलं नाही. न्हावी, टपालवाला, पाववाला, देवळातले भटजी, सगळ्यांना त्यांचं सांगून झालं. दुधी घ्यायला आलेल्या बाईला भाव सांगायच्या आधी ते सांगायचे, "आपल्या बावखलाचं पान येतंय पुस्तकात." त्या दिवसांत त्यांची चाल बदलली होती. ज्ञानदाला ते दिसायचं आणि तिलाही बरं वाटायचं.

नोव्हेंबरात ते पत्र आलं.

ॲपवर आलेल्या नोंदी तपासायला जिल्ह्याजिल्ह्यात स्वयंसेवक नेमलेले असतात. पालघरच्या तपासनीस होत्या सँड्रा तुस्कानो, गासच्या राहणाऱ्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या. पत्र त्यांचं, भाषा सभ्य. 'आपण या ठिकाणाहून नऊशे ऐंशी याद्या पाठवल्या आहेत. पहिल्या चार वगळता बाकी सर्व याद्यांत मिळून एक हा आकडा एकदाही आलेला नाही. पाणथळ जागेवर काही पक्षी एकेकटे दिसतातच, त्यामुळे असं होणं संभवत नाही. शिवाय बहुतेक याद्या मुंबईतून दुपारी एक ते दोन या वेळात भरलेल्या आहेत. आकडे प्रत्यक्ष पाहून लिहिले आहेत का, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा. तोवर या ठिकाणच्या नोंदी बाजूला ठेवत आहोत आणि पुस्तकातलं पान थांबवत आहोत.'

'खुलासा करावा' हे शब्द ज्ञानदाने आयुष्यात शेकडो वेळा लिहिले होते. वाचायची वेळ पहिल्यांदाच आली. डबा तसाच ठेवून ती याद्या खाली खाली सरकवत गेली. दोन होते, तीन होते, सात, अकरा, चाळीस होते. एक नव्हता. त्या पहिल्या चार दिवसांनंतर कुठेच नव्हता. आपल्या टेबलावर असा दावा आला असता तर आपणही हेच पत्र लिहिलं असतं, हे तिला कळत होतं आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

मग तिच्या मनात जे यायला नको ते आलं. आबा खरंच रोज जातात का? गुडघे दुखतात त्यांचे. पावसात पाय घसरला होता. एखाद्या दिवशी कंटाळा आला आणि ओटीवर बसूनच दिले आकडे ठोकून, असं झालं नसेल कशावरून? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. सुनेला बरं वाटावं म्हणून. अशी माणसं तिने कागदावर खूप पाहिली होती.

संध्याकाळी आबा ओटीवर अळूच्या जुड्या बांधत बसले होते. ज्ञानदाने चप्पल काढता काढता सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आबा, बावखलावर कधी एखादा पक्षी एकटाच दिसतो का हो?"

"रोज दिसतो."

"मग लिहीत का नाही?"

आबांचा हात थांबला. "लिहीत नाय? कोन बोलतं लिहीत नाय?"

तिने पत्र वाचून दाखवलं. शब्द मऊ करत वाचलं, पण ते पत्र मऊ होण्यातलं नव्हतं. प्रेमलताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी घरात बसून आकडे मारतो, असं?" आबा म्हणाले.

"असं नाही लिहिलेलं, आबा. खुलासा मागितलाय फक्त."

"आणि तुला काय वाटतं?"

ज्ञानदा लगेच बोलली नाही. क्षणभरच थांबली, मग म्हणाली, "तुम्ही जाता, मला माहीत आहे ना." पण तेवढा क्षण आबांनी टिपला होता. तीन वर्षं पाण्यावरची हालचाल टिपणाऱ्या माणसाला तेवढं कळायचंच.

"डोळे हायत ना तुला?" ते उठले. "वही वाच."

वही तर ती रोजच वाचत होती. तिने पुन्हा चाळली, एक कुठेच सापडला नाही, आणि लाभ लाभ लिहिलेल्या ओळींवरून तिची नजर नेहमीसारखी घसरत गेली. सवयीच्या वाटेवरचा दगड पायाला कळतो पण डोळ्याला दिसत नाही, तसं काहीसं झालं होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी खिळ्यावर वही नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. आबा बावखलावर जात होते, पण हात हलवत जात होते आणि तसेच परत येत होते. दुधी घ्यायला आलेल्या बाईने पुस्तकाचं विचारलं तर "बघू," एवढंच म्हणाले. ज्ञानदाला ते ऐकवेना.

चौथ्या दिवशी प्रेमलताबाईंनी भाजी निवडता निवडता तोंड उघडलं. "मना नाय आवडलं हे. त्यांना खोटं ठरवलंस."

"मी नाही हो, आई. त्या बाईंनी."

"त्या बाईनं त्यांना बघितलं पन नाय. तू बघितलंस. रोज बघितलंस."

ज्ञानदा न्हाणीघरात जाऊन तोंड धुवून आली आणि बाहेर येताच तिने सँड्राला फोन लावला. खुलासा लिहून पाठवणार नाही, असं तिने सांगितलं. मोजणारी मी नाही, माझे सासरे आहेत. तुम्ही या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहून बघा. सँड्रा म्हणाली, "रविवारी येते. मध्ये बोलणार नाही. फक्त बघेन."

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "येऊ दे. साडेसहाला. उशीर केला तर मी थांबायचो नाय."

रविवारी सँड्रा स्कूटरवरून सव्वासहालाच हजर. चाळिशीची बाई, डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात कोरी वही. आबा बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. तो सदरा फक्त लग्नांना बाहेर निघायचा. आज यांचं काही चुकलं तर हा सदरा आपल्याला जन्मभर आठवत राहील, असं ज्ञानदाला वाटलं.

उजाडत होतं. बावखलाच्या काठावर तिघं उभी राहिली. आबांनी घसा साफ केला. एरवी ते मनात मोजायचे, आज बाईसाठी मोठ्याने मोजणार होते. समोरच्या काठाकडे बोट करून त्यांनी सुरुवात केली.

"बगळे. लाभ, दोन, तीन, चार, पाच. पाच."

सँड्राचं पेन वहीवर टेकलं होतं ते तसंच राहिलं.

"टिबुकल्या. लाभ, दोन, तीन. ती बघ, बुडी मारली. चार. चार टिबुकल्या."

सँड्राने दुर्बीण खाली केली आणि ती पक्ष्यांऐवजी आबांकडेच बघू लागली. ज्ञानदाने ते पाहिलं. बाईंना वाटत असेल म्हातारा काहीतरी पुटपुटतोय. ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "ते श्रद्धाळू आहेत ना, त्यामुळे मध्येमध्ये..." सँड्राने हात वर करून तिला गप्प केलं.

इतक्यात करंजाच्या फांदीवरून निळं काहीतरी सुटलं आणि पंपाच्या पाइपावर येऊन बसलं. खंड्या. एकटाच.

"खंड्या," आबा म्हणाले. "लाभ." आणि मान पुढच्या झाडाकडे वळवली.

"आबा, थांबा," सँड्रा म्हणाली. बोलणार नाही असं कबूल केलेली बाई बोलली. "खंड्या किती?"

"सांगितलं ना. लाभ."

"म्हणजे किती?"

"म्हणजे लाभ!" आबा वैतागले. "तू गासची ना, बाय? तुमच्यात भात नाय मोजत?"

सँड्राचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "मोजतात की, आबा. खळ्यावर माझा पपा मोजायचा. पहिलं माप ओतलं की लाभ, मग दोन, मग तीन. एकदा मी पहिल्या मापाला एक म्हटलं तर आजीनं माझ्या पाठीत धपाटा घातलेला." ती ज्ञानदाकडे वळली. "वहीत काय लिहितात हे?"

"लाभ," ज्ञानदा म्हणाली. "भारद्वाज, लाभ. घार, लाभ. मुंगूस, लाभ." प्रत्येक नावासरशी तिचा आवाज बारीक होत गेला. "मला वाटलं, दर्शनाचा."

"कसला?" आबांनी विचारलं.

"दर्शनाचा लाभ, आबा. भारद्वाज शुभ असतो ना. मला वाटलं तुम्ही शुभ म्हणून लिहिता. मी त्या ओळी ॲपमध्ये... भरल्याच नाहीत."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. "घारीचा कसला आलाय लाभ? माझी कोंबडीची पिल्लं उचलते ती!"

सँड्रा इतक्या मोठ्याने हसली की समोरचे पाचही बगळे उडाले.

"झालं," आबा म्हणाले. "लिही आता बगळे शून्य."

मग त्यांनाही हसू आलं, आणि हसता हसता ते पंपाच्या कठड्यावर बसले. ज्ञानदाला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम येत असल्यामुळे ती नुसतीच उभी राहिली. केळीचे घड, अळूच्या जुड्या, विड्याची पानं, वाडीत जे काही मोजलं जायचं त्यातल्या पहिल्याला या घरात कधी कोणी एक म्हटलंच नव्हतं. तिने इतक्या वर्षांत ते कधी ऐकलं नव्हतं, कारण वाडीत मोजणी व्हायची तेव्हा ती ऑफिसात इतरांचे आकडे तपासत असायची.

"पण आबा, एकच पक्षी असला तरी लाभच का? तिथे तर पुढे मोजायचं नसतं," तिने विचारलं.

"ते तुला कसं माहीत, पुढे नाय म्हणून?" आबा म्हणाले. "माझा बाप सांगायचा, एक बोललं की मोजनं तिथंच थांबतं. लाभ बोलायचं आणि दुसऱ्याची वाट बघायची. पाखरू आलं नाय तर नाय. आपन वाट बघितली ना?"

परत आल्यावर ओटीवर सहाच्या सहा वह्या मांडल्या गेल्या. आबांनी त्या चार दिवस कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. प्रेमलताबाईंनी चहा आणला आणि कोणाला कळेल न कळेल अशा बेताने ज्ञानदाच्या बशीत एक बिस्कीट जास्त ठेवलं. सँड्रा पानं उलटत होती. प्रत्येक पानावर तीनचार तरी लाभ होते. अचानक तिचा हात थांबला. गेल्या वर्षीच्या जूनमधलं पान होतं. तिने ते मोठ्याने वाचलं.

"आठ जून. पंपाच्या खोलीच्या काचेवर पाखरू आपटलं. खंड्यासारखं, पण मुठीत मावेल एवढंच. पाठ जांभळी निळी, पोट पिवळं, चोच लाल. दोन्ही पायांना तीन-तीनच बोटं. बाकीची तुटलेली, बिचारं. टोपलीखाली ठेवलं. तासाभरानं उडालं. नाव ठाऊक नाय. लाभ."

तिने ते पुन्हा मनात वाचलं. मग घाईघाईने या वर्षीची वही ओढली आणि जूनची पानं काढली. दहा जून. 'तेच बारकं पाखरू करंजावर. बोटं दिसली नाय. लाभ.'

"आबा," ती म्हणाली, "त्याची बोटं तुटली नव्हती. त्याला असतातच तीन. तिबोटी खंड्या म्हणतात त्याला. पावसाच्या तोंडाशी लांबून येतो, पुढे जंगलात जाऊन घरटं करतो. मी पंधरा वर्षं बघतेय, वसईच्या वाड्यांमध्ये त्याची नोंद अजून आमच्याकडे आलेली नाही." तिने वही मिटली नाही, तळहातावर तशीच धरून ठेवली. "खोटं लिहिणारा माणूस आधी नाव लिहितो. बोटं तुटली म्हणून हळहळत नाही. मी संशय घेतला तुमच्यावर. मला माफ करा."

आबांनी बशीतला चहा संपवला. "संशय घेनं तुझं कामच हाय, बाय. नाय घेतलास तर तपासनार काय? तुझं काय चुकलं नाय."

ज्ञानदाला कळलं, की हे सँड्रापुरतं होतं, या वाक्यात आपलं नाव नव्हतं. आबांनी मुद्दाम वगळलं असेल किंवा नसेलही, पण तिला ते कळलं. ती उठली, सासऱ्यांच्या समोर बसली आणि म्हणाली, "आबा, त्यांनी तुम्हाला पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. तरी तुम्ही विचारलंत तेव्हा मी थांबले. थांबायला नको होतं."

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यात वरची वही तिच्या मांडीवर ठेवली. "भर आता," एवढंच म्हणाले.

तिने भरलं. रोज संध्याकाळी जेवणाआधी दोन तास, चाळीस दिवस. तीन हजार सातशे बेचाळीस लाभ, प्रत्येक आपापल्या तारखेला, प्रत्येकाच्या जागी एक. भरता भरता तिला आबांच्या सकाळी पहिल्यांदा दिसल्या. त्यांचा धाकटा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पानावर फक्त एवढंच होतं, 'ढोकरी – लाभ.' तापात अक्षर थरथरलं होतं, पण पान कोरं नव्हतं. ज्या दिवशी पाय घसरला त्या दिवशी 'आज उत्तरेच्या काठाने नाय गेलो, तिकडचे धरू नये' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आपल्या टेबलावर आजवर आलेल्या कुठल्याही कागदात एवढा खरेपणा तिने पाहिला नव्हता. आणि हा माणूस आपल्या घरातला आहे, या विचाराने तिची छाती भरून यायची. ऑफिसातही फरक पडला. आता खुलासा मागवायच्या आधी ती फोन उचलून विचारू लागली, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" तिचे वरिष्ठ म्हणाले, तुझं काम हळू झालंय. तिने ते मान्य केलं.

आणखी एक गोष्ट तिने केली. आबांच्या नावाने खातं उघडलं आणि सँड्राला सांगून सगळ्या याद्या तिकडे वळवल्या. जानेवारीअखेर पुस्तक आलं. पान एकतीस. 'करंजाचं बावखल, सांडोर. निरीक्षक : तुळशीदास राऊत.' खाली बारीक अक्षरात तळटीप होती, 'या ठिकाणच्या हस्तलिखित नोंदींत लाभ म्हणजे एक.' आबांनी पान वाचलं, तळटीप दोनदा वाचली आणि पुस्तक काखेत मारून ते बाहेर पडले. न्हाव्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांना पान एकतीस पाहावं लागलं. दुधी घेणाऱ्या बाईला दोनदा.

फेब्रुवारीत पुन्हा चार दिवसांची गणना आली. पहिल्या दिवशी सँड्रा मुद्दाम सांडोरला आली. आबांनी सदरा घातला होता, रोजचाच, चुरगळलेला. बावखलावर धुकं होतं. मोजून झालं आणि ज्ञानदा काठावर उभी राहूनच फोनमध्ये यादी भरू लागली. आता ती मुंबईहून भरत नव्हती. सगळ्या पक्ष्यांनंतर ॲपने शेवटचा प्रश्न विचारला.

"आबा, निरीक्षक किती होते, असं विचारतंय. किती लिहू?"

"मोजायला नको?" आबा म्हणाले. त्यांनी वही काखेत धरली, बोट पुढे केलं आणि ते आधी ज्ञानदाकडे वळले.

"लाभ," ते म्हणाले. मग सँड्राकडे, "दोन." मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवून, "तीन. लिही, तीन."

ज्ञानदाला आकडा उमटवायला दोनदा बोट लावावं लागलं, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं. पण आकडा बरोबर होता.